लघुग्रहावरची सावली

१

कामावर आल्यावर युचिन आधी खिडकी उघडायची, मग चहाचं पाणी ठेवायची आणि मग मोठ्या संगणकावरचं हिरवं पाकीट सरळ करायची. पाकिटात नारळाच्या चवीचे कुरकुरे होते. यंत्रानं गुणी बाळासारखं वागावं म्हणून ते तिथे ठेवलेलं असे. पाकीट हिरवंच हवं, मुदत संपलेलं नको आणि कुणी ते फोडायचं नाही. तुझा यावर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर ती हसली असती. पण पाकीट तिनं कधी वाकडं राहू दिलं नव्हतं.

या उन्हाळ्यात तिच्याकडे एकच काम होतं. ताइनानच्या त्या विद्यापीठात त्यांच्या लहानशा गटानं एक कॅमेरा बनवला होता आणि तो एका लघुग्रहाकडे जाणार होता. तिथे कुणी गेलेलं नाही, तिथला जवळून घेतलेला एकही फोटो नाही. मग कॅमेऱ्याला तिथली वाट ओळखायला शिकवायचं कशावरून? त्यासाठी बनावट फोटो लागतात, अगदी खऱ्यासारखे. ते काढणारा प्रोग्राम तिच्या गटातल्या वेनरुईनं लिहिला होता. संगणकावरचे खेळ ज्या इंजिनावर बनतात, तेच त्यानं वापरलं होतं. ऊन आणि सावली त्या इंजिनाला फार सुरेख जमतात.

वेनरुई वसंतात गेला. याच खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या. त्याच्या मागोमाग त्याचा जुना संगणकही बंद पडला आणि हाती उरला तो नुसता सोर्स कोड. तो आता नव्या यंत्रावर पहिल्यापासून बांधायचा होता. आधी इंजिन, मग त्यावर वेनरुईचा प्रोग्राम. गेलेल्या माणसाच्या हातची चव त्याच्याच मसाल्यानं पुन्हा जमते का, ते बघण्यासारखं होतं ते.

त्या सकाळी पडद्यावर ओळी सरकू लागल्या तेवढ्यात फोन वाजला. वेनरुईची बायको, मेइश्या.

"कामात आहेस का गं?"

"बोला ना वहिनी. इकडे यंत्रच काम करतंय, मी नुसती राखण करतेय."

"काल पुन्हा कौल लावला. नाहीच म्हणतो."

कौल म्हणजे चंद्रकोरीसारखे लाकडाचे दोन तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला तर होकार. वेनरुई गेल्यापासून मेइश्या रोज त्याच्या तसबिरीपुढे एकच प्रश्न विचारत होती, आलास का घरी? आणि रोज दोन्ही तुकडे पालथे पडत होते.

"तो अजून घरी आलेला नाही, युचिन. ऑफिसातच तर नाही ना बसून राहिला? त्याचा काही नेम नाही. जिवंत होता तेव्हा तरी कुठे वेळेवर यायचा!" मेइश्या हसली, आणि ते हसू मधेच तुटलं. "रविवारी शंभरावा दिवस आहे. तोपर्यंत आला नाही तर मग तो कुणाचाच राहत नाही. रस्त्यावरचा होतो."

२

दुपारनंतर बांधणी पुरी झाली आणि पहिलं चित्र पडद्यावर आलं.

काळंभोर आकाश, त्यात भाजलेल्या रताळ्यासारखा तो खडक. युचिनच्या डोळ्यांत पाणी आलं. चित्र अगदी वेनरुईच्या हातचं होतं. तिनं जवळची चित्रं काढायला सांगितली, कॅमेरा खाली खाली उतरत गेला आणि एका सपाट जागेवर तिची नजर अडली.

तिथे एक सावली होती. बारीक, लांब. आजूबाजूला धोंडे होते आणि त्यांच्याही सावल्या होत्या. पण या सावलीला धोंडा नव्हता.

शेजारच्या टेबलावर काइमिंग जेवणाच्या डब्यातली कोंबडीची तंगडी चोखत होता. तिनं त्याला बोलावलं.

"काइमिंग, हे बघ रे."

"ताई, हात तेलकट आहेत."

"हातानं नको, डोळ्यांनी बघ."

त्यानं वाकून बघितलं. "सावलीच्या हिशोबात चूक असेल. नवीन यंत्र, जुना प्रोग्राम. सासू आणि सून. जमायला वेळ लागतो."

"धोंडा नाही आणि सावली आहे?"

"माझ्या पगाराचं तसंच आहे. आकडा दिसतो, पैसा दिसत नाही." तो पुन्हा डब्याकडे वळला.

युचिन हसली. पण तिनं ते चित्र बंद केलं नाही. सावली एका बाजूला किंचित कलली होती. उजवीकडचा खांदा खाली. खांदा म्हणायचं काही कारण नव्हतं. तिच्या मनात तोच शब्द आला एवढंच.

३

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं पुसून पुन्हा बांधायला लावलं. घाई न करता, एकेक पायरी तपासत. सावली पुन्हा आली, पण जागा बदलून. आता ती खडकाच्या कडेजवळ होती.

तिनं सूर्य हलवून बघितला. प्रोग्राममध्ये सूर्य हवा तिथे ठेवता येतो. सूर्य खाली नेला तशी सावली लांबली. डोक्यावर आणला तशी आखडून पायाशी गोळा झाली. हिशोबाची चूक अशी शहाण्यासारखी वागत नाही. युचिननं स्वतःला बजावलं, बाई, तू शाळेत भौतिकशास्त्रात पहिली यायचीस, नीट विचार कर.

"खेळाडू बंद केलास का?" काइमिंगनं विचारलं. आज तो थट्टा करत नव्हता.

"कसला खेळाडू?"

"अगं, हे खेळाचं इंजिन. रिकामं जग त्याला माहीतच नाही. खेळणारा कोणीतरी हवाच. आपण कुणाला ठेवलं नाही तर ते आपल्या मनानं एक माणूस आणून उभा करतं. दिसत नाही, पण असतो. त्याचीच सावली पडत असेल."

युचिनच्या जिवात जीव आला. इतकं साधं होतं तर! गटाचे प्रमुख लियाओ सर तिला पहिल्या वर्षापासून सांगत, आधी साधं कारण शोध. तिनं तो भाग उघडला. वेनरुईनं खेळाडू केव्हाच काढून टाकलेला होता. त्या ओळीपुढे त्यानं गमतीनं लिहून ठेवलं होतं, 'इथे कुणी राहत नाही.'

दोघांनी ती ओळ वाचली. काइमिंगनं टेबलावरचं मासिक उचललं, परत ठेवलं.

"पुन्हा चालवून बघ," तो म्हणाला.

तिनं चालवलं. सावली होतीच. आणि जरा वळली होती.

४

शुक्रवारी बाहेर रस्तोरस्ती टेबलं मांडली होती. चांद्र पंचांगातला सातवा महिना होता, मोकळ्या सुटलेल्या, घर नसलेल्या भुतांना, 'त्या मंडळींना', जेवू घालायचा. विद्यापीठाच्या दारातही फळं, नूडल्सची पाकिटं, शीतपेयाच्या बाटल्या होत्या, आणि हात-तोंड धुवायला तस्तात पाणी नि कोरा टॉवेल. लियाओ सरांनी सर्वांच्या वतीनं उदबत्त्या लावल्या होत्या. तो वास खिडकीतून आत येत होता.

युचिननं एक गोष्ट करून बघायची ठरवली. ती भीत होती आणि तरी तिला राहवत नव्हतं. सावली जिथून सुरू होत होती बरोबर तिथे, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, तिनं कॅमेरा ठेवला. तिथे जो कोणी उभा होता त्याला काय दिसत असेल?

चित्र हळूहळू भरत गेलं. पायांखाली करडी खडी. जवळ आलेलं क्षितिज, कारण तो खडकच तेवढासा. त्यावर काळं आकाश आणि तारे. चित्राच्या बरोबर मधोमध एक निळसर ठिपका.

ताऱ्यांची यादी तिच्याकडे होती. त्या यादीत त्या जागी काही नव्हतं. तिनं चित्रासाठी धरलेली तारीख घेऊन गणित मांडलं, मग पुन्हा मांडलं. त्या दिवशी, त्या खडकावरून बघितलं तर तिथे पृथ्वी असायला हवी होती.

वेनरुईनं पृथ्वी प्रोग्राममध्ये कधी घातलीच नव्हती. कॅमेऱ्याला तिची गरज नव्हती. ती नुसतीच तिथे होती, कारण तिथे उभं राहून कुणीतरी तिच्याकडे बघत होतं.

तिला वेनरुईची उजव्या खांद्यावरची जड बॅग आठवली. बॅग खाली ठेवल्यावरही त्याचा तो खांदा तसाच झुकलेला असायचा.

ती उठली आणि काइमिंगजवळ जाऊन उभी राहिली.

"तोच आहे ना?" काइमिंग म्हणाला. "मी कालच ओळखला होता. म्हटलं, तू म्हणेपर्यंत आपण बोलायचं नाही."

५

संध्याकाळी दोघं मेइश्याकडे गेली. तिनं माशाची पेज वाढली, वर आलं आणि तळलेला लसूण. तसबिरीपुढेही एक वाटी होती. युचिननं जमेल तसं सगळं सांगितलं. मेइश्या वेड्यात काढेल असं तिला वाटत होतं. मेइश्यानं फक्त एकच विचारलं.

"त्याच्या अंगात काय होतं? स्वेटर होता का? तिथे गार असेल."

"सावलीत कळत नाही हो वहिनी."

काइमिंग घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, पुरोहितांनी त्याला हाक कुठे मारली होती?"

"इस्पितळात. तिथेच गेला ना तो. कागदावर तीच वेळ, तीच जागा."

काइमिंगनं युचिनकडे बघितलं. दोघांना आठवत होतं. रुग्णवाहिका यायच्या आधीच वेनरुईचा हात काइमिंगच्या हातात थंड पडला होता. इस्पितळात पोचलं होतं ते नुसतं शरीर. जिथे माणूस प्राण सोडतो तिथूनच त्याला हाक मारून घरी न्यावं लागतं. आणि याला हाक मारली होती ती, तो जिथे कधी पोचलाच नव्हता अशा दारात.

"म्हणजे तो खुर्चीत होता," मेइश्या हळूच म्हणाली. "आणि समोर ते चित्र होतं."

"उद्या-परवा पुरोहितांना ऑफिसात घेऊन या," युचिन म्हणाली.

"या महिन्यात? ते रोज दहा ठिकाणी जेवणावळी घालत फिरताहेत. मी विचारलं होतं. पुढच्या महिन्याचं नाव घ्या म्हणाले."

पुढचा महिना नव्हताच. रविवारी शंभरावा दिवस होता आणि सोमवारी ते यंत्र पुढच्या चाचण्यांसाठी उत्तरेकडच्या केंद्रात पाठवायचं होतं.

"आपणच बोलावू," मेइश्या म्हणाली. "तो माझा नवरा आहे. मी हाक मारली तर यायला नको का?"

"पण एक सांभाळा," काइमिंग म्हणाला. "या महिन्यात मोठ्यानं नाव घ्यायचं नाही. बाहेर सगळी मोकळी आहेत. त्यांच्या कानावर नाव पडलं की ती ते धरून ठेवतात. माझी आई घरातसुद्धा आम्हाला 'ए, अरे' करते. नुसतं 'ये, घरी चल' म्हणा. त्याला कळेल."

ते तिघांनाही पटलं. लहानपणापासून तिघं तसंच वागत आली होती.

६

रविवारी दुपारी इमारतीत कुणी नव्हतं. मेइश्या वेनरुईचा निळा सदरा घेऊन आली. उदबत्त्यांच्या धुरानं घंटा वाजू नये म्हणून काइमिंग खिडकीशी पुठ्ठा हलवत उभा राहिला.

"आम्ही इथे अंतराळाचं काम करतो म्हणे," तो पुटपुटला, "आणि मी पंखा झालोय."

"गप रे," युचिन म्हणाली, पण तिला तो बोललेला बरा वाटला.

तिनं पडद्यावर ते चित्र लावलं. मेइश्यानं एकदाच बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. खांदा तिनंही ओळखला. मग तिनं सदरा दोन्ही हातांत धरला आणि ती बोलू लागली.

"ये रे. काम झालं. घरी चल. जेवण तयार आहे, अंथरूण घातलंय. दार उघडं आहे. ये, घरी चल."

तिच्या आवाजात असं काही होतं की युचिनला वाटलं, घर नसलेलं कुणीही हे ऐकून उठून येईल.

कौल लावला. एक उताणा, एक पालथा. होकार. मेइश्यानं सदरा छातीशी धरला आणि ती दाराकडे निघाली, मागे न बघता, एकेक गोष्ट सांगत. इथे उंबरा आहे. इथे जिना. आता गाडी.

सदरा मागच्या सीटवर ठेवला, शेजारी मेइश्या पट्टा लावून बसली. युचिननं गाडी सुरू केली आणि घंटी वाजू लागली. मागच्या सीटवर बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही.

"सदरा तर आहे नुसता," काइमिंग पुढून म्हणाला.

मेइश्यानं सदऱ्याकडचा पट्टा ओढला आणि सदऱ्यावरून हळुवार हात फिरवत लावून टाकला. घंटी थांबली. "कधीच लावायचा नाही," ती म्हणाली. शंभर दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं.

वाटेत कालव्यावर पूल लागला. पूल आला की बरोबर येणाऱ्याला सांगावं लागतं, नाहीतर तो पाण्याशी अडतो. "पूल आला, पलीकडे चल," मेइश्या म्हणत होती, आणि गाडी चालवता चालवता युचिनही म्हणत होती. तिला आरशात पुन्हा बघायचं नव्हतं. मागची सीट दबली होती. सदऱ्यानं दबते त्याहून बरीच जास्त.

घरी तीनदा कौल लावला. तिन्ही वेळा होकार.

७

सोमवारी सकाळी युचिननं यंत्र चालू केलं. दुपारी ते न्यायला गाडी येणार होती. त्याआधी शेवटची चित्रं काढून द्यायची होती. स्वच्छ चित्रं. तिनं चहा ओतून घेतला आणि निवांत बसली.

पहिलं चित्र आलं. खडक, धोंडे, धोंड्यांच्या सावल्या.

आणि ती सावली.

तिनं कप खाली ठेवला. तीच होती. तोच झुकलेला उजवा खांदा. पण आज एक हात वर होता, पुरा ताणून. सुटलेल्या बसच्या मागे धावताना माणूस हात करतो, तसा.

युचिन बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग तिला मागची सीट आठवली. इतकी दबलेली. वेनरुई तर काडीसारखा होता.

फोन तिनंच लावला.

"वहिनी, कशा आहात?"

"अगं, मीच करणार होते!" मेइश्याचा आवाज अगदी हलका होता. "रात्री पेज ठेवली होती. सकाळी वाटी कोरडी. मी विचारलं, अजून हवी? कौल म्हणाला, हो. अजून दिली. पुन्हा हो. सकाळपासून हेच चाललंय. किती दिवसांचा उपाशी होता गं बिचारा. देव्हाऱ्यातली फळं संपली, तांदूळ संपत आला. आता काय देऊ विचारत होते त्याला."

"वहिनी, काइमिंग कुठे आहे? काल रात्री थांबला होता ना?"

"पहाटेच गेला. त्याला बरं वाटत नव्हतं."

"वहिनी, माझं ऐका. चपला घाला आणि खाली या. काही विचारू नका. खाली नाक्यावर येऊन उभ्या राहा, मी निघालेय."

"आता? घरात माणूस असताना?" ती हसली. "थांब हं. बोलावतोय."

"कोण?"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. सपातांचा आवाज आत जात गेला. मग दूरवर, आतल्या खोलीत, वाटीवर वाटी आपटली. पुन्हा आपटली. घाईघाईनं.

युचिन उठली. किल्ल्या हातात घेतल्या. पडद्यावर तो हात अजून वर होता. काल त्यांनी सगळी काळजी घेतली होती. सगळं रीतीप्रमाणे केलं होतं. सगळ्यांनी हाक मारली होती आणि त्याला नाव घेऊन कुणीच हाक मारली नव्हती.

महिना सातवा होता. खिडक्या उघड्या होत्या, खाली रस्त्यावर उदबत्त्या जळत होत्या. ज्यांना ऐकायचं ते सगळे ऐकत होते. तिनं खोल श्वास घेतला आणि जन्मात कधी ओरडली नव्हती इतक्या मोठ्यानं, आडनावासकट नाव घेऊन ओरडली.

"को वेनरुई! मी तुलाच हाक मारतेय. को वेनरुई, तुझ्या घरी भलतंच कोणी शिरलंय. मेइश्या एकटी आहे. चल!"

लांबच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं. तिनं तिकडे बघितलं नाही. पडद्याकडेही बघितलं नाही. तिला भीती वाटत होती ती सावली तिथे असण्याची आणि नसण्याचीही. तिनं दार उघडलं, स्वतः बाहेर आली आणि दार तसंच हातानं धरून ठेवलं, एक माणूस बाहेर पडेल इतका वेळ.

मग दोघं जिन्याकडे धावली.